जळगावच्या भिंतीवरचं टोरंटो

मी एक जुनं, भिंतीवरचं घड्याळ आहे, मित्रांनो. गोल, पांढऱ्या तबकडीचं, तपकिरी कडेचं. माझ्यासारखी घड्याळं तुमच्या शाळेच्या ऑफिसात, दवाखान्यात, केस कापायच्या दुकानात, कुठेही टांगलेली दिसतील. पण माझ्या मनात एक राग होता आणि त्याचं उट्टं कसं निघालं, ते मला सांगायचं आहे. मनात राग धरू नये, असं तुम्हाला मोठी माणसं शिकवतात. शिकवू द्या. आधी माझी हकीकत ऐका, मग काय ते ठरवा.

माझा जन्म गुजरातेत मोरबीला झाला. तिथल्या कारखान्यात लांबच लांब टेबलांवर बायका बसतात आणि तबकडीवर काटे बसवतात. मला काटे बसवणारी बाई शेजारणीशी गप्पा मारता मारता काम करायची, पण तिचा हात एकदाही चुकला नाही. तिने माझ्यात सेल घातला, मला कानाशी धरलं, टिकटिक ऐकली आणि मान हलवली. तेवढी शाबासकी मला पुरली. घड्याळाला आयुष्यात एकच काम येतं, खरी वेळ सांगायचं. मला वाटलं, आपण ते जन्मभर करू.

खोक्यात बसून मी जळगावच्या फुले मार्केटातल्या एका दुकानात आलो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी एक तरुण माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोटात लग्नातली नवी अंगठी. त्याने मला निवडलं आणि खिशातला मोबाईल पाहून माझे काटे फिरवायला लागला.

"भाऊ, चुकीची वेळ लावताय," दुकानदार म्हणाला. "आत्ता साडेपाच झालेत. तुम्ही आठ लावले."

"बरोबर लावलेत," तो म्हणाला. "टोरंटोत सकाळचे आठ झालेत. मी कॅनडात असतो."

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मीच विमानात बसणार आहे. मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

त्या माणसाचं नाव स्वप्नील बागुल. त्याने मला घरी नेलं आणि आतल्या खोलीत, घरातल्या जुन्या घड्याळाच्या शेजारी टांगलं. मग बायकोला बोलावलं. ती संघमित्रा. धुळ्याची मुलगी. तिचे वडील भिकन बैसाणे तिथल्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. तिने औषधांचं शिक्षण घेतलं होतं आणि देवपुरातल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये ती काउंटर सांभाळायची. लग्नासाठी ते काम सोडून ती जळगावला आली होती.

"ही माझी वेळ," स्वप्नील तिला म्हणाला. "आपल्याकडे सूर्य आधी येतो. पृथ्वी फिरत फिरत टोरंटोला सूर्यासमोर नेते, तोवर आपला जवळपास दिवस सरलेला असतो. म्हणून तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. कळलं?"

"शाळेत शिकलेय मी," संघमित्रा हसून म्हणाली. "रेखांश. पूर्वेकडे वेळ पुढे, पश्चिमेकडे मागे."

"हुशार आहेस. मग नीट ऐक. ह्या घड्याळात रात्र असेल तेव्हा फोन करायचा नाही, मी झोपलेला असतो. दिवस असेल तेव्हाही नाही, ऑफिसात फोन बंद ठेवावा लागतो. मीच करत जाईन, रोज, इंटरनेटवरून, माझ्या ह्याच नंबरवरून. इथले संध्याकाळचे पाच, म्हणजे माझे सकाळचे साडेसात. कामाला निघायच्या आधी."

"म्हणजे मी कधीच करायचा नाही?"

"व्हिसा होईपर्यंत. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

आठवड्याने तो दोन मोठ्या बॅगा घेऊन निघून गेला. दिल्लीहून विमान आहे म्हणाला.

त्या घरात आता तिघं उरली. संघमित्राचे सासरे बन्सीलाल, ज्यांना सगळे नाना म्हणत. बँकेतून अधिकारी असताना स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष, बोलणं मोजूनमापून. सासू प्रमिलाबाई अंथरुणाला खिळलेल्या. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि तोंडातून शब्द अर्धवट फुटायचे. लग्न ठरवताना सांगितलं होतं की त्यांचं सगळं करायला बाई आहे. लग्नाला महिना होतो न होतो तोच नानांनी त्या बाईला निरोप दिला.

"घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला?" ते म्हणाले.

मी प्रमिलाबाईंच्या पलंगासमोर टांगलेला होतो, त्यामुळे मला सगळं दिसायचं. संघमित्रा त्यांना कूस बदलून द्यायची, अंग पुसायची, पेज भरवायची, चादरी धुवायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज तपासायची. ती हे सगळं काम उरकल्यासारखं करायची नाही. प्रमिलाबाईंचे केस विंचरताना त्यांना धुळ्याच्या गमती सांगायची.

आणि मधूनमधून माझ्याकडे बघायची.

मित्रांनो, एखाद्या घड्याळाकडे कुणी इतक्या मायेने पाहिलं नसेल. माझा मिनिटकाटा शेजारच्या घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या नेहमी बरोबर उलट असायचा, कारण साडेनऊतला तो अर्धा तास. तिला त्याची सवय झाली होती. माझ्यात जेवायची वेळ झाली की ती म्हणायची, "आता डबा उघडला असेल त्यांनी." माझ्यात रात्र झाली की भर दुपारी भांडी हळू ठेवायची. आपल्या आवाजाने टोरंटोतल्या माणसाची झोप मोडेल, असं तिला वाटायचं की काय, कोण जाणे. संध्याकाळी पाचला चहाचा कप घेऊन ती माझ्यासमोर बसायची आणि फोन वाजला की कप खाली ठेवायची.

शेजारच्या बायका मला बघायला यायच्या. नाना पाहुण्यांना आतल्या खोलीत आणून बोट दाखवायचे, "हे बघा, आमच्या स्वप्नीलकडे आत्ता पहाट होतेय." पाहुणे माना डोलवायचे. त्या घरात मी देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखा झालो होतो. रोज फडक्याने पुसला जायचो.

वर्ष गेलं. व्हिसाचं काम चालू आहे, असं फोनवर कळायचं. एक हिवाळा आला आणि गेला. धुळ्याहून संघमित्राची आई पार्वताबाई यायची आणि लेकीच्या खरखरीत झालेल्या हातांवरून बोटं फिरवायची. "माय, कितला दिन आते?" ती विचारायची. संघमित्रा माझ्याकडे बघून म्हणायची, "होईल गं आई, आता होईल." हळूहळू तिने मला पुसणं सोडलं. माझ्या काचेवर धूळ बसली. पाहुण्यांनाही नवल राहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरातल्या एका दुपारी माझा सेल संपला आणि मी थांबलो.

संघमित्रा स्टुलावर चढली. मला खाली काढलं, नवा सेल घातला. तिच्या हिशोबाने माझ्यात पहाटेचे साडेचार वाजायला हवे होते, कारण शेजारच्या घड्याळात दुपारचे दोन झाले होते. तिने काटे तिथे नेले. मग काय वाटलं कोण जाणे, खात्री करायला मोबाईल काढला आणि टोरंटोची वेळ विचारली.

मोबाईलने सांगितलं, साडेतीन.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा साडेतीन. मग ती मला मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली आणि पुटपुटत वाचायला लागली. मीही तिच्यासोबतच ते पहिल्यांदा ऐकलं. आपल्या देशात एकच वेळ, बारा महिने तीच. पण कॅनडासारख्या थंड मुलखांत उन्हाळ्यात जवळपास सगळा देश घड्याळं एक तास पुढे करतो, म्हणजे लोकांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळतो. हिवाळा तोंडावर आला की तो तास परत मागे घेतात. त्यांचे काटे नुकतेच, त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, मागे गेले होते. उन्हाळ्यात आपल्यात आणि टोरंटोत साडेनऊ तासांचं अंतर असतं, ते आता साडेदहा झालं होतं.

तिने माझे काटे एक तास मागे घेतले आणि मला परत टांगलं. मित्रांनो, त्या क्षणी पहिल्यांदाच माझ्यात थंडीतल्या टोरंटोची खरी वेळ वाजत होती.

पाच वाजता फोन आला. तिने स्पीकर लावला, कारण एका हाताने ती प्रमिलाबाईंची उशी नीट करत होती.

"काय चाललंय?" स्वप्नीलचा आवाज.

"काही नाही. तुमचं?"

"निघतोय. साडेसात झाले, उशीर होतोय."

संघमित्राने वर पाहिलं. माझ्यात साडेसहा वाजले होते.

"साडेसात?" ती म्हणाली.

"हो. घड्याळ बघ की समोरचं."

"बघतेय," ती म्हणाली.

ती त्याच्याशी भांडली नाही. फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. जो माणूस त्या शहरात राहतो, त्याला सगळ्या शहराचं घड्याळ फिरल्याचं कळणार नाही? तो रोज तासभर आधी ऑफिसात पोचतोय आणि त्याला पत्ता नाही? आणि मागचा हिवाळा? तो अख्खा हिवाळासुद्धा तो पाचलाच फोन करून साडेसातच म्हणत होता. कारण त्याने एका मे महिन्यात माझे काटे लावले, आणि त्यानंतर त्याला टोरंटो एवढंच माहीत होतं, जेवढं माझ्या तबकडीवर होतं.

इतके दिवस मी कुणाची चाकरी केली, ते मला तेव्हा कळलं. मला कुलूप करून तिच्या दारावर लावलं होतं. ज्या बाईने मला कानाशी धरून मान हलवली होती, तिची मला शरम वाटली. आणि माझ्यात राग भरला. नुसती टिकटिक करणाऱ्याला राग आला तर तो काय करणार? पण संघमित्राचे हात होते.

त्या दिवसापासून ती फोन वेगळ्या कानांनी ऐकायला लागली. त्याच्या आवाजाच्या मागे काय आहे, ते ऐकायला लागली. एके दिवशी मागून भंगारवाल्याची आरोळी आली. टोरंटोतही भंगारवाले असतील, पण ते गुजरातीत ओरडत नसावेत.

दुसऱ्या दिवशी नाना मंडळाच्या कामाला बाहेर गेले. संघमित्रा पेजेची वाटी घेऊन सासूच्या उशाशी बसली. चमचा भरला. तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला.

"आई, तुमचा मुलगा सुरतला आहे की बडोद्याला?"

प्रमिलाबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. संघमित्राने हात हलवला नाही. वाटीतली वाफ विरून गेली.

"मी तुम्हाला इतके दिवस उचललंय," ती म्हणाली. "मला एवढं तरी सांगा."

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उशीत मुरलं. "सु... रत," त्या म्हणाल्या. "उधना."

"तिथे कोण आहे?"

"बाय... को. नात."

मग तुटक तुटक शब्दांत सगळं बाहेर आलं. स्वप्नीलने सुरतेला आधीच लग्न केलं होतं. नानांना ती मुलगी पसंत नव्हती. तिला दारात उभं करणार नाही, असं ते म्हणाले. पण प्रमिलाबाई पडल्या आणि घरात हक्काचं माणूस पाहिजे झालं. तेव्हा बाप-लेकांनी बसून टोरंटो शोधून काढलं. सून घरी आणायची, मुलगा परदेशात ठेवायचा.

"मी... नको... म्हटलं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

संघमित्राने पेज पुन्हा गरम करून आणली. सगळी भरवली. तोंड पुसलं. मग चादरी घेऊन गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

खाली आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिने धुळ्याला धाकट्या भावाला फोन लावला. त्याचं नाव संघपाल. तो इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करायचा, तापट होता.

"ताई, आजच जातो," तो ओरडला. "त्याचे हातपाय..."

"हात लावायचा नाही त्याला," ती म्हणाली. "फक्त घर शोध. दार कोणतं ते बघून ये. बाकी मी सांगते."

सुरतेच्या उधना भागात गल्लोगल्ली खान्देशी माणूस राहतो. कुणी कारखान्यात, कुणी यंत्रमागावर, कुणी टपरीवर. एकाला विचारलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. संघपाल दोनदा जाऊन आला आणि दार सापडलं.

संघमित्रा रोज पाचला फोन घेत राहिली. गोड बोलत राहिली. त्याने साडेसात म्हटलं की "हो" म्हणायची. तिला एवढं शांत राहता येईल, असं मला वाटलं नव्हतं. रोज ती फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायची. आता त्या बघण्यात माया नव्हती. हत्याराला धार आहे का, ते बघावं तसं ती बघायची. आणि मला ते आवडायचं, मित्रांनो. मी मन लावून चाललो. एक मिनिटसुद्धा मागे पडलो नाही.

जानेवारीत नानांची एकसष्टी होती. मंडळाने हॉल घेतला होता, सगळे नातेवाईक येणार होते. संघमित्राने नानांना चहा देता देता सुचवलं, "नाना, ह्यांना यायला जमत नाहीये, तर मोठा पडदा लावून थेट कॅनडाहून बोलू द्या ना दोन शब्द. लोकांनाही कौतुक वाटेल."

नानांनी कप खाली ठेवला. पण हॉलभर लोक, मोठा पडदा आणि पडद्यावर परदेशातला मुलगा, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असणार. "बघतो विचारून," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत ठरलं होतं.

"आणि हे घड्याळही नेऊ," ती म्हणाली. "स्टेजवर ठेवू. तिथे किती वाजलेत ते सगळ्यांना दिसेल."

"वा," नाना म्हणाले.

तो रविवार उजाडला. भिकनआबा आणि पार्वताबाई धुळ्याहून सकाळीच आले आणि पहिल्या रांगेत बसले. संघमित्राने वडिलांना बाजूला घेतलं. "आबा, काहीही झालं तरी मधून उठून जाऊ नका." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि जाऊन आपल्या जागी बसले. गाड्यांखाली आयुष्य घालवलेल्या माणसाला आवाजावरून कळतं, कुठे काय बिघडलंय ते.

मी स्टेजवरच्या टेबलावर, फुलदाणीला टेकून उभा होतो. हॉलच्या घड्याळात सकाळचे साडेअकरा. माझ्यात एक. भाषणं झाली, शाल झाली, आणि पडद्यावर स्वप्नील आला. अंगात जाड स्वेटर, मागे घट्ट ओढलेला पडदा, वर ट्यूबलाइट.

"जय भीम सगळ्यांना," तो म्हणाला. "इथे रात्रीचे दोन वाजलेत. कडाक्याची थंडी आहे. पण नानांसाठी जागा आहे."

टाळ्या वाजल्या. नानांचे डोळे पाणावले. संघमित्राने माईक हातात घेतला.

"किती वाजले म्हणालात?"

"दोन."

"ह्या घड्याळात एक वाजलाय." तिने मला उचलून सगळ्यांना दाखवलं. "हिवाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. लहान मुलांनीही मोबाईलवर बघावं. बघा ना. एक वाजलाय की दोन?"

हॉलमध्ये मोबाईल बाहेर निघाले. मागच्या रांगेतून एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "एकच वाजलाय!"

"अगं, ते... माझ्या घड्याळात काहीतरी..." स्वप्नील हसायचा प्रयत्न करत होता.

"तुमच्या घड्याळात काही बिघडलेलं नाही," संघमित्रा म्हणाली. "तिथे नोव्हेंबरात सगळ्यांनी काटे मागे घेतले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण तुम्ही तिथे कधी गेलाच नाहीत."

"संघमित्रा, पुरे," नाना उठून म्हणाले. "लोक बघतायत."

"त्यांच्यासाठीच आहे हे, नाना."

तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला. दाराची बेल. एकदा, दोनदा, मग बोट ठेवूनच दिल्यासारखी सलग. स्वप्नील दचकून मागे वळला. आतून कुणीतरी दार उघडल्याचं ऐकू आलं, बोलण्याचा आवाज आला, आणि खोलीचं दार ढकलून संघपाल पडद्यावर आला. त्याने सरळ जाऊन खिडकीचा पडदा ओढला. सुरतेचं लख्ख ऊन खोलीत पसरलं.

"जय भीम, दाजी," तो म्हणाला. "पोचलो टोरंटोला. एसटीनं आलो."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. संघपालच्या मागून एक बाई आत आली, तिच्या कडेवर लहान मुलगी. ती कोकिळा, स्वप्नीलची पहिली बायको. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. समोरच्या फोनमध्ये तिला भरलेला हॉल दिसला, हार घातलेले नाना दिसले, माईक धरलेली संघमित्रा दिसली.

"काय शे हाई?" तिने नवऱ्याला विचारलं. "कोन शेतस ह्या लोके?"

"मी सांगते, ताई," संघमित्रा म्हणाली. "तो हार घातलेला माणूस तुमचा सासरा. आणि मी ह्यांच्याशी दीड वर्षापूर्वी, ह्याच गावात, ह्याच लोकांसमोर लग्न केलंय."

कोकिळाने स्वप्नीलकडे पाहिलं. "तुमीन तं म्हनेत, मायबाप मरी गयात." तिचा आवाज फार बारीक झाला होता. मग तो एकदम मोठा झाला. "निंघ आठून! निंघ मन्हा घरमाईन!"

स्वप्नीलने फोनकडे हात टाकला, पण फोन आता संघपालच्या हातात होता आणि त्याने तो वर धरला होता. सगळ्या समाजाने स्वप्नीलला स्वेटर काढत, घाम पुसत, चपला शोधत घराबाहेर जाताना पाहिलं.

नाना माझ्या टेबलावर हात आपटून काहीतरी बोलायला गेले. मी खाली पडलो. माझ्या काचेला तडा गेला तो तिथे. भिकनआबा उठले, स्टेजवर आले, मला उचललं आणि आपल्या शर्टाने पुसलं. पाठीमागे मोठ्या पातेल्यांत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी तयार होती. बहुतेक लोक न जेवता घरी गेले.

संघमित्रा घरी आली, कारण प्रमिलाबाईंजवळ फक्त शेजारीण बसली होती. तिने सासूची चादर बदलली, कूस बदलून दिली, औषध दिलं. मग बॅग भरली. प्रमिलाबाईंनी चांगल्या हाताने तिच्या ओढणीचं टोक धरलं. तिने त्यांचं एकेक बोट सोडवलं.

"आई, तुमचा मुलगा येतोय," ती म्हणाली. "आता त्याला दुसरं घर नाही."

दारात नाना उभे होते. चेहरा उतरलेला, गळ्यातला हार तसाच. "तिच्याकडे कोण बघेल?" ते म्हणाले.

"घरची माणसं," संघमित्रा म्हणाली आणि मला काखेत घेऊन बाहेर पडली.

आता मी धुळ्यात, देवपुरातल्या त्याच मेडिकल स्टोअरच्या भिंतीवर आहे. संघमित्राने माझे काटे दुकानातल्या दुसऱ्या घड्याळाशी जुळवले. पोलिसांत तक्रार झाली, खटला उभा राहिला. नानांनी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. कोकिळाने स्वप्नीलला परत दारात घेतलं नाही. तो जळगावला आईच्या उशाशी आहे.

उन्हाळ्यात एकदा तो दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे झोपेने लाल. गिऱ्हाइकं होती. संघमित्राने त्याला पाहिलं आणि एकेकाची औषधं काढत राहिली. कुणाला गोळी जेवणाआधी की नंतर, ते सावकाश समजावत राहिली. एक म्हातारबाबा तीनदा तेच विचारत होते, त्यांना तिने तीनदा सांगितलं. सगळे गेल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"आईच्या पाठीला जखम झालीय," तो म्हणाला.

"कूस बदलत नव्हतास."

तिने मलम काढलं, पट्टी काढली, कसं धुवायचं, किती वेळाने कूस बदलायची ते नीट सांगितलं. कागदी पिशवीत घालून त्याच्यासमोर ठेवलं.

"संघमित्रा, तक्रार मागे घे," तो हळूच म्हणाला. "माझं सगळं गेलं. कोकिळाशी तरी बोल माझ्यासाठी."

"बोलते ना मी तिच्याशी. दर आठवड्याला." ती काउंटर पुसायला लागली. "ती साक्ष द्यायला येणार आहे. माझ्या बाजूने."

नवं गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्याला बाजूला सरकावं लागलं. मग पिशवी घेऊन तो निघून गेला.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. भिंतीवरच्या घड्याळाची धूळ पुसत जा. सेल वेळेवर बदला, जुना सेल आत गळू देऊ नका. आणि घड्याळ कुणी दुसऱ्याने लावून दिलं असेल, तो कितीही आपला असो, तर एकदा स्वतः ताडून पाहा. आम्हाला खोटं बोलायचं नसतं. आमचे काटे कुणी फिरवले तर आम्हाला ओरडता येत नाही.

संघमित्राची ती दीड वर्षं तिला कुणी परत देणार नाही. तिने स्वप्नीलला माफ केलेलं नाही. मीही नाही.